कपडे उतरविण्याची आज्ञा : प्लेगकालीन रेल्वे-तपासणीपासून विमानतळावरील सुरक्षा-तपासणीपर्यंत

प्रस्तावना

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. येथून विमानाने परगावी अथवा परदेशी जावयाचे झाल्यास सुरत, जळगाव किंवा मुंबई गाठावी लागते. तेथे प्रवाशाला कमरेचा पट्टा सोडावा लागतो, कोट अथवा जाकीट उतरवावे लागते, प्रसंगी पायातील बूटही काढून प्लास्टिकच्या तसराळ्यात ठेवावे लागतात. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर ही प्रथा आली, असा सर्वसाधारण समज आहे. जोडे आणि पट्ट्यापुरता तो बराचसा खरा आहे. परंतु प्रवासास निघालेल्या निरपराध माणसाला शासनाच्या आज्ञेने थांबवावे, परक्या माणसाने त्याच्या वस्त्राखालील देह तपासावा आणि त्यानंतरच त्याला पुढे जाऊ द्यावे, ही पद्धत मुंबई इलाख्याने १८९७ सालीच अनुभवली होती. ती विमानतळावर नव्हे, तर रेल्वेच्या फलाटावर अनुभवली, आणि तिचे कारण शस्त्र नसून काखेतील किंवा जांघेतील गाठ हे होते.

तापी खोऱ्यातील रेल्वे दोंडाईचापर्यंत येऊन पोहोचली ती १९०० च्या सुमारास, म्हणजे ऐन प्लेगच्या दिवसांत. त्या वेळी खानदेश हा अखंड जिल्हा असून त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ साली झाली. आगगाडी आणि तिच्यातील उतारूंची तपासणी या दोन्ही गोष्टी या भागाला जवळजवळ एकाच काळात परिचित झाल्या, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

वस्त्र उतरविणे आणि अपमान

वस्त्र उतरविण्याची क्रिया मराठी समाजात स्वभावतः अपमानकारक मानली गेलेली नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. देवळाच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढणे हा रोजचा आचार आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुष आजही अंगातील सदरा काढून उघड्या अंगाने आत जातात. सोवळ्याच्या कल्पनेत तर शिवलेले वस्त्र उतरविणे हेच शुद्धतेचे चिन्ह होते. याउलट भरसभेत कोणी डोक्यावरील पागोट्याला हात घातला, तर तो पिढ्यान्‌पिढ्या न विसरला जाणारा अपमान ठरे. म्हणजे प्रश्न वस्त्राचा नसून ते कोणाच्या आज्ञेने, कोणासमोर आणि कशासाठी उतरवावयाचे याचा आहे. देवासमोर सदरा काढणारा मनुष्य स्वतःच्या इच्छेने तो काढतो व इतरही तसेच करीत असतात. फलाटावरील उतारूला यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती.

१८९७ चा कायदा व रेल्वे-तपासणी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढील काही महिन्यांत मुंबईतून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले आणि रोगही त्यांच्याबरोबर रेल्वेने प्रवास करू लागला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचे, संशयितांना अलग ठेवण्याचे अधिकार शासनाला दिले. त्याच्या शेवटच्या कलमान्वये या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नव्हता. ज्याच्या अंगाला हात लावला जाणार होता, त्याच्या संरक्षणाचे मात्र एकही कलम त्यात नव्हते.

या घाईमागे केवळ प्रजेच्या आरोग्याची चिंता होती, असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास व्हेनिस येथे प्लेगविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर व मालावर युरोपातील बंदरे बंदी घालतील ही धास्ती इंग्रज सरकारला होती. बंदरातून सुटणाऱ्या जहाजाची खात्री देता यावी यासाठी देशांतर्गत प्रवाशाचीही खात्री करून घेणे भाग पडले. परराष्ट्रांचे समाधान हे देशातील झडतीचे एक कारण असते, ही बाब पुढे विमानवाहतुकीच्या संदर्भात पुन्हा दिसून येते.

कल्याणसारख्या मोठ्या स्थानकांवर गाडी थांबवून उतारूंना खाली उतरविले जाई. फलाटावर रांगा लावून डॉक्टर अथवा त्याचे साहाय्यक नाडी, जीभ, डोळे पाहत आणि मान, काख व जांघ चाचपून गाठ आहे किंवा नाही याची खात्री करून घेत. त्यासाठी पुरुषाला अंगरखा सोडावा लागे, धोतर सैल करावे लागे. स्त्रीला पदर बाजूला करावा लागे. संशय आल्यास त्या माणसाची रवानगी छावणीत होई आणि त्याचे कपडे-अंथरूण जंतुनाशकात बुडविले किंवा जाळले जाई. वरच्या वर्गाच्या प्रवाशांना बहुधा डब्यातच आणि सौम्यपणे तपासले जाई. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर उभे राहावे लागे. रोग तिकिटाचा वर्ग पाहत नव्हता, तपासणी मात्र पाहत होती.

तपासणीचा शास्त्रीय आधार कितपत भक्कम होता, हाही प्रश्न आहे. रोगाचा शिरकाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. त्या काळात प्रवास करणाऱ्याच्या अंगावर गाठ नसते. तो निर्वेध पुढे जातो. उलट, अन्य कारणाने गाठ आलेला मनुष्य छावणीत अडकतो. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले, परंतु ते मान्य होण्यास १९०५ नंतरचे मुंबईतील संशोधन यावे लागले. म्हणजे ज्या काळात देहाची एवढी कसून झडती घेतली गेली, त्या काळात रोग प्रत्यक्षात धान्याच्या पोत्यांतून आणि बोचक्यांतून वाट काढीत होता. कपडे वाफवण्यात आणि औषधात बुडवण्यात निदान पिसवा मारण्याचा अजाणता लाभ तरी होता. देह उघडा करण्यात तोही नव्हता.

पुणे, १८९७ : पुराव्याचा प्रश्न

रेल्वेवरील तपासणीचे घरातील रूप पुण्यात मार्च ते मे १८९७ या काळात दिसले. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. घरे अंधारी असल्याने तपासणी अंगणात अथवा रस्त्यावर, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत होई, अशा तक्रारी होत्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या; लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले व रँड ३ जुलै रोजी मरण पावले. हा इतिहास सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे. अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेलेली बाब दुसरीच आहे.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रात केला. मायदेशी परतल्यावर मात्र पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही नावानिशी पुढे येण्यास तयार झाले नाही आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीचा अर्थ आरोप खोटे होते असा इंग्रजी पत्रांनी लावला, तर गोखले भ्याले असा स्वकीयांपैकी अनेकांनी लावला. तिसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. आपल्या घरातील स्त्रीचा देह परक्या पुरुषाने पाहिला, ही गोष्ट न्यायालयात सिद्ध करावयाची म्हणजे ती पुन्हा एकदा चारचौघांत उघडी करावयाची. त्यापेक्षा पुणेकर गृहस्थांनी मौन पत्करले. झडतीचा अपमान आणि पुराव्याचा अपमान यांत त्यांना फारसा फरक दिसला नसावा.

या कोलाहलात पंडिता रमाबाई यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात स्वतःच्या नावानिशी पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी तक्रार केली, ही गोष्ट उल्लेखनीय होय. सरकारने ती फेटाळली. पुणेकर पुढाऱ्यांनीही, ख्रिस्ती झालेल्या या स्त्रीविषयीचे त्यांचे मत आधीच ठरलेले असल्याने, तिच्या धैर्याची फारशी दखल घेतली नाही. तपासल्या गेलेल्या सामान्य स्त्रीचे स्वतःचे शब्द तर जवळजवळ उपलब्धच नाहीत. तिच्या वतीने वडील, पती, संपादक आणि पुढारी बोलले. त्यांच्या बोलण्यात घराण्याची अब्रू आहे, तिची भीती क्वचितच आढळते.

आणखी एक विसंगती येथे नोंदवली पाहिजे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५२ अन्वये, स्त्रीची झडती घेणे आवश्यक असल्यास ती दुसऱ्या स्त्रीनेच व शालीनतेची कसोशीने जाण ठेवून घ्यावी, असा दंडक होता. म्हणजे चोरीचा आळ असलेल्या स्त्रीला कायद्याने जे संरक्षण दिले होते, ते माहेरी निघालेल्या निर्दोष स्त्रीला प्लेगच्या कायद्याने दिलेले नव्हते; कारण तिची ‘झडती’ नव्हती, ‘वैद्यकीय तपासणी’ होती. लोकक्षोभानंतर मोठ्या स्थानकांवर स्त्री-तपासनीस व आडपडदे आले. ही सवलत मागून मिळाली, मुळात दिलेली नव्हती.

विमानतळ

विमानप्रवासातील झडतीचा इतिहास अपहरणांपासून सुरू होतो. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९७४ मध्ये सुरक्षेविषयीचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले आणि प्रवाशांची तपासणी ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारी ठरली. व्हेनिसच्या परिषदेची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानातील ३२९ जण बॉम्बस्फोटात मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९८७ मध्ये नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरो हे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार प्रकरणानंतर २००० पासून विमानतळांचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला.

तोवर शोध मुख्यतः धातूचा होता आणि धातुशोधक चौकटीला कपड्यांची अडचण नव्हती. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड याने बुटात दडविलेली स्फोटके पेटविण्याचा प्रयत्न केला, आणि २५ डिसेंबर २००९ रोजी दुसऱ्या एकाने अंतर्वस्त्रात दडविलेली स्फोटके डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात पेटविण्याचा प्रयत्न केला. या स्फोटकांत धातू नव्हता. त्यामुळे संशयाचे स्थान शस्त्रावरून वस्त्रावर सरकले. बूट काढण्याची सक्ती अमेरिकेत २००६ पासून सर्वांना लागू झाली व जुलै २०२५ मध्ये ती मागे घेण्यात आली.

भारतीय वृत्तपत्रांत या विषयाची चर्चा झाली ती प्रामुख्याने मोठ्या व्यक्तींच्या निमित्ताने. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री असताना अमेरिकेतील विमानतळावर त्यांची कपडे उतरवून झडती घेण्यात आली, असा उल्लेख स्ट्रोब टालबट यांच्या २००४ मधील पुस्तकात आला. माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीने अंगझडती घेतली. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क येथे ते विमानात बसल्यानंतर त्यांचा कोट व बूट तपासणीसाठी नेण्यात आले. दोन्ही वेळा दिलगिरी व्यक्त झाली. कलाम यांनी स्वतः त्याचा गाजावाजा केला नाही. संसदेत संतापाचा सूर उमटला तो मात्र प्रोटोकॉलच्या भंगाबद्दल होता. झडतीतून कोणाला सूट मिळावी यावर चर्चा झाली, झडती कशी असावी यावर फारशी नाही. पहिल्या वर्गाच्या डब्याची ही मागणी म्हणावी लागेल.

सामान्य प्रवाशाची अडचण निराळी आहे. अमेरिकेतील मुलाकडे बाळंतपणासाठी निघालेली खानदेशातील आजी थंडीच्या भीतीने नऊवारीवर स्वेटर आणि त्यावर शाल घेऊन निघते. हातांत काचेच्या बांगड्यांबरोबर सोन्याच्या पाटल्या, गळ्यात मंगळसूत्र. एकेक थर उतरविताना तिला भाषा समजत नाही, रांग मागून ढकलत असते. भारतातील विमानतळांवर स्त्रियांसाठी पडद्याआडचा स्वतंत्र कक्ष व महिला जवान असतात. फलाटावर भांडून मिळविलेल्या आडपडद्याचा हा वारसा आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. देह-आलेखन यंत्रे आणण्याचा आदेश ब्यूरोने एप्रिल २०१९ मध्ये दिला, त्यातही जाकीट, जाड कपडे, बूट व पट्टा उतरविण्याची अपेक्षा होती. मिलिमीटर तरंग पातळ कापडातून आरपार जातात. पण निऱ्या, कासोटा, फेटा यांसारख्या अनेक पदरी वस्त्रांच्या घड्यांशी यंत्र अडखळण्याचा संभव असतो. अंगालगतच्या शिवलेल्या कपड्यांचा माणूस गृहीत धरून ही यंत्रे घडविली गेली आहेत. अमेरिकेत प्रारंभीच्या यंत्रांतून प्रवाशाची जवळजवळ नग्नाकृती पडद्यावर दिसे. विरोधानंतर २०१३ पर्यंत तसली यंत्रे हटविण्यात आली आणि पडद्यावर सर्वांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती आली.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा लागू केला. या वेळी मुंबई विमानतळावर कोणाचेही वस्त्र उतरवावे लागले नाही; कपाळासमोर धरलेल्या उपकरणाने ताप मोजला गेला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागील बाजूस, न पुसणाऱ्या शाईचा गृहविलगीकरणाचा शिक्का मात्र मारण्यात आला. १८ मार्च २०२० रोजी जर्मनीहून परतलेले, हातावर असा शिक्का असलेले चार प्रवासी मुंबईहून गुजरातच्या दिशेने जाणाऱ्या गरीबरथ गाडीत सहप्रवाशांच्या नजरेस पडले. गाडी पालघर स्थानकावर थांबविण्यात आली आणि त्या चौघांना फलाटावर उतरविण्यात आले.