बुसान १९८८ : शिडाच्या नौकांच्या ऑलिम्पिक शर्यती आणि मदतीचा नियम

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती राजधानी सोलमध्ये नव्हे, तर तेथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आग्नेयेस असलेल्या बुसान या बंदराच्या शहरात झाल्या. २० ते २७ सप्टेंबर या काळात सुयोंग उपसागराच्या परिसरात आठ क्रीडाप्रकारांत पदकांसाठी लढती झाल्या. पदकविजेत्यांच्या यादीपेक्षा या शर्यती एका वेगळ्याच घटनेसाठी अधिक लक्षात राहिल्या. कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू यांनी २४ सप्टेंबर रोजी चालू शर्यत सोडून सिंगापूरच्या दोन खेळाडूंना पाण्यातून वाचवले. ही घटना सहसा केवळ औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात या खेळाच्या नियमांत मदतीला कोणते स्थान आहे, हेही तिच्यातून स्पष्ट होते.

स्पर्धेचे स्वरूप

सोल ऑलिम्पिकमध्ये १५९ देश सहभागी झाले होते. मॉस्को आणि लॉस एंजेलिस येथील बहिष्कारांनंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ हे दोन्ही देश १९७६ नंतर प्रथमच उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये समोरासमोर आले. बुसानच्या पाण्यातही हे दोन्ही देश एकाच शर्यतीत उतरले.

फिन, स्टार, सोलिंग, फ्लाइंग डचमन, टोर्नेडो, शीडफळी तसेच ४७० वर्गातील पुरुष आणि महिला असे आठ प्रकार होते. महिला ऑलिम्पिकमधील शिडाच्या शर्यतींत १९०० पासूनच भाग घेत होत्या. मात्र केवळ महिलांसाठी स्वतंत्र शर्यत बुसान येथे प्रथमच झाली. तिचे पहिले सुवर्णपदक अमेरिकेच्या ॲलिसन जॉली आणि लिन ज्युएल यांनी पटकावले. डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी १९४८ ते १९६० या काळात सलग चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली होती. वयाच्या साठाव्या वर्षी ते आपली कन्या त्रिने हिच्यासह टोर्नेडो वर्गात सहभागी झाले.

४७० वर्गाच्या पुरुष गटात भारताकडून फारोख तारापोर आणि केली राव ही जोडी उतरली होती. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या आणि तेथे तारापोर यांनी झरीर करंजिया यांच्या साथीने फायरबॉल वर्गाचे सुवर्णपदक मिळवले होते. ऑलिम्पिकमधील शिडाच्या शर्यतींत भारताचे पाऊल त्याआधी, १९७२ मध्ये पडले होते. म्युनिक ऑलिम्पिकच्या या शर्यती कील येथे झाल्या आणि सोली काँट्रॅक्टर व अब्दुल बासिथ यांनी फ्लाइंग डचमन वर्गात देशाचे प्रतिनिधित्व केले.

शर्यत आणि गुणपद्धती

फिन ही एकट्याने चालवायची, साडेचार मीटर लांबीची आणि एकाच शिडाची नौका होय. तिचा आराखडा स्वीडनचे रिकार्ड सार्बी यांनी १९४९ मध्ये तयार केला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकपासून तिचा स्पर्धेत समावेश झाला. तिच्या डोलकाठीला आधाराचे दोर नसतात. जोराच्या वाऱ्यात नौका उलटू नये म्हणून खेळाडूला कडेवरून बाहेर झुकून आपल्या वजनाने तोल सांभाळावा लागतो. ४७० ही दोघांनी चालवायची नौका आहे. तिची लांबी ४.७० मीटर असून तिला त्यावरूनच नाव मिळाले आहे.

पाण्यात ठेवलेल्या खुणेच्या बोयांना ठरलेल्या क्रमाने वळसा घालत ही शर्यत पूर्ण करायची असते. बोया चुकला, तर मागे फिरून त्याला वळसा घालावाच लागतो. कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या दिशेने जाऊ शकत नाही. वारा समोरून असेल, तर तिला नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते. त्यामुळे वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि पाण्याचा प्रवाह यांचा अंदाज अंगबळाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

त्या काळी प्रत्येक वर्गात सात शर्यती होत आणि त्यांपैकी सर्वांत खराब कामगिरीची एक वगळून उरलेल्या सहांचे गुण मोजले जात. कमीत कमी गुण मिळवणारा विजेता ठरे. पहिल्या क्रमांकाला शून्य, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५.७, चौथ्याला ८, पाचव्याला १० आणि सहाव्याला ११.७ गुण मिळत. सातव्या क्रमांकापासून पुढे क्रमांकात सहा मिळवून गुण काढले जात. म्हणजे एखाद्या शर्यतीत दुसरा आलेला खेळाडू ३ गुणांवर राही, तर बाविसाव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या खात्यात २८ गुण जमा होत. पुढे घडलेल्या घटनेचा अर्थ लावताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

२४ सप्टेंबरची घटना

शनिवार, २४ सप्टेंबर रोजी फिन वर्गाची पाचवी शर्यत सुरू झाली. सुरुवातीला सुमारे १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटर असलेला वारा पाहता पाहता ३५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या घरात गेला. लाटा इतक्या उंचावल्या की पाण्यातील बोये दिसेनासे होऊ लागले. ३२ वर्षीय लेम्यू यांनाही असाच एक बोया दिसला नाही आणि माघारी येऊन त्यांना त्याला वळसा घालावा लागला. त्यानंतरही ते दुसऱ्या स्थानावर होते.

त्याच सुमारास ४७० वर्गातील सिंगापूरची नौका जवळच्या पाण्यात उलटली. जोसेफ चॅन आणि सिव शॉ हर हे तिचे दोन खेळाडू होते. एक जण उलटलेल्या नौकेला धरून होता, तर दुसरा प्रवाहामुळे तिच्यापासून दूर वाहत चालला होता. लेम्यू यांनी आपला मार्ग सोडला आणि नौका त्यांच्या दिशेने वळवली.

अशा वाऱ्यात ही कृती धोक्याची होती. फिनच्या कडा पाण्यापासून फारशा उंच नसतात. नौका थांबवून माणसाला वर ओढताना लाटांचे पाणी आत येते आणि एकट्या खेळाडूला शीड, सुकाणू व तोल या तिन्हींवर एकाच वेळी ताबा ठेवणे कठीण जाते. लेम्यू यांनी आधी वाहत चाललेल्या खेळाडूला आपल्या नौकेत घेतले आणि मग दुसऱ्याकडे गेले. गस्ती नौका येईपर्यंत त्यांनी त्या दोघांना सोडले नाही. त्यानंतर त्यांनी शर्यत पुन्हा सुरू करून पूर्ण केली. तोपर्यंत सुमारे वीस नौका त्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या.

परीक्षकांचा निर्णय

शर्यतीनंतर परीक्षक मंडळाने लेम्यू यांना त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. मदतीला वळताना ते ज्या स्थानावर होते, तेच त्यांचे अधिकृत स्थान मानण्यात आले. हा निर्णय नियमांना बगल देऊन घेतलेला नव्हता. संकटात सापडलेल्या व्यक्तीला किंवा नौकेला शक्य ती सर्व मदत करणे, हे शिडाच्या शर्यतींच्या नियमावलीत मूलभूत कर्तव्य मानले जाते. आजच्या नियमावलीतही नियम १.१ म्हणून ते अगदी आरंभी येते. या कर्तव्यामुळे एखाद्या स्पर्धकाचे गुण किंवा स्थान घसरले, तर त्याला दाद मागण्याचा हक्क नियमांनुसार मिळतो. भरपाई कशी करावी, याचेही मार्ग ठरलेले आहेत. इतर शर्यतींतील गुणांची सरासरी धरता येते किंवा घटनेच्या वेळचे स्थान ग्राह्य मानता येते. बुसानच्या परीक्षकांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लेम्यू यांचा खिलाडूवृत्तीबद्दल पिएर द कुबेर्तँ पदकाने गौरव केला. अडचणीतील माणसाला मदत करणे हाच समुद्रावरचा पहिला नियम आहे, अशी भूमिका लेम्यू यांनी पुढे अनेकदा मांडली.

रौप्यपदकाची दंतकथा

लेम्यू यांनी रौप्यपदकावर पाणी सोडले, असे या घटनेबद्दल वारंवार लिहिले जाते. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. ते दुसऱ्या स्थानावर होते ते सातपैकी एका शर्यतीत, एकूण स्पर्धेत नव्हे. परीक्षकांनी दिलेले ३ गुण धरूनही अंतिम क्रमवारीत ते अकरावे आले. फिन वर्गाचे सुवर्णपदक स्पेनचे होसे लुईस दोरेस्ते यांनी, तर कांस्यपदक न्यूझीलंडचे जॉन कटलर यांनी मिळवले. रौप्यपदक विजेते पीटर होल्मबर्ग यांनी अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सला ऑलिम्पिकमधील पहिले पदक मिळवून दिले.

या वस्तुस्थितीमुळे लेम्यू यांच्या कृतीचे मोल कमी होत नाही. त्यांनी नौका वळवली तेव्हा आणखी दोन शर्यती बाकी होत्या आणि अंतिम क्रमवारी कोणालाच ठाऊक नव्हती. परीक्षक आपले स्थान परत देतील की नाही, याचीही हमी त्या क्षणी नव्हती. ३ आणि २८ गुणांमधील तफावत मात्र प्रत्येक स्पर्धकाला तोंडपाठ होती.

आधीची आणि नंतरची उदाहरणे

ऑलिम्पिकमध्ये असे प्रथमच घडले नव्हते. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्वीडनचे लार्स आणि स्टिग केल या बंधूंनी फ्लाइंग डचमन वर्गाच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या बुडणाऱ्या नौकेवरील दोघांना वाचवले होते आणि त्यांचाही खिलाडूवृत्तीसाठी सन्मान झाला होता.

खुल्या समुद्रावरील लांब पल्ल्याच्या शर्यतींत तर या तत्त्वामुळे विजेताही ठरला आहे. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या व्हाँदे ग्लोब स्पर्धेत २०२० च्या अखेरीस केव्हिन एस्कोफिए यांची नौका मोडली आणि शोधकार्यासाठी काही स्पर्धकांनी आपला मार्ग बदलला. त्यांपैकी यानिक बेस्ताव्हन यांना १० तास १५ मिनिटांची भरपाई मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये शार्ली दालँ यांनी अंतिम रेषा सर्वांत आधी ओलांडली, तरी ही भरपाई धरून विजेतेपद बेस्ताव्हन यांच्याकडे गेले.

२४ सप्टेंबर १९८८ हा दिवस क्रीडा इतिहासात आणखी एका शर्यतीसाठी नोंदला गेला आहे. त्याच दिवशी सोलच्या मुख्य मैदानावर कॅनडाचेच बेन जॉन्सन यांनी शंभर मीटर धावण्याची शर्यत ९.७९ सेकंदांत जिंकली आणि तीनच दिवसांनी उत्तेजक द्रव्यसेवनामुळे त्यांचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. एकाच देशाच्या दोन खेळाडूंचे निकाल त्या आठवड्यात नियमांच्या आधारे बदलले गेले. एकाने प्रत्यक्ष मिळवलेले पहिले स्थान नोंदींतून पुसले गेले, तर दुसऱ्याने प्रत्यक्ष न गाठलेले दुसरे स्थान त्याच्या नावावर कायम झाले.