बट्ट्याचे दोन रुपये

आमच्या घरच्या जुन्या वहीत पणजोबांच्या मोडी अक्षरात दर महिन्याला एक नोंद सापडते: ‘सोलापूर, 14 हाली.’ आणि तिच्याखाली ‘बट्टा, 2.’

आबा, म्हणजे माझे आजोबा, 1941 साली सोलापूरच्या दयानंद कॉलेजात गेले. कॉलेज निघून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गावाहून, अणदूरहून, ते सगळ्यात जवळचं, पण परमुलखातलं. अणदूर निजामाचं, सोलापूर इंग्रजांचं. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ आपल्या राज्यातलं खरं, पण चौपट लांब, आणि तिथलं सगळं शिक्षण उर्दूतून. आबांना उर्दू वाचता यायची, पण गणित उर्दूतून सोडवायची हिंमत नव्हती.

पणजोबा ज्वारी विकून पैसे पाठवायचे. सात हाली, म्हणजे निजामी, रुपयांचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा भाव. चौदा निघाले की सोलापुरात बाराच हाती पडत, दोन बट्ट्यात जात. खोलीभाडं आणि फी यातच ते संपत. जेवायला आबांनी वार लावले होते. मंगळवारचं घर नेमकं मंगळवार पेठेत, आणि तिथली आमटी सगळ्यांत तिखट, हे ते म्हातारपणीही सांगायचे.

सरकारी मदत? विलायतेला जायला निजामाची शिष्यवृत्ती होती. सरोजिनी नायडू 1895 साली तिच्यावरच गेल्या. सोलापूरला निघालेल्या पोराला कोण विचारतो! उलट 1938 साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानियाने मुलं काढून टाकली, तेव्हा त्यांना जागा दिली ती परमुलखातल्या नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू केदारांनी दारं उघडली. त्या मुलांत नरसिंह राव होते, पुढे पंतप्रधान झालेले.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज याच सोलापूर रस्त्याने नळदुर्गावर आली. नाका गेला, पुढे हालीही गेली, आणि उस्मानियातलं उर्दू माध्यमही. आता आबांच्या धाकट्या भावाला, माझ्या चुलत आजोबांना, हैदराबादला पाठवायला हरकत नव्हती. ते उस्मानियात शिकत असताना 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. खोली तीच, वर्ग तोच, आणि चुलत आजोबा एका रात्रीत परराज्यातले विद्यार्थी. आमचा खंडोबाही अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन गावांत राहतो, पण त्याचा करार तरी आधी ठरलेला असतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. रहिवासी दाखल्यासाठी चुलत आजोबा पुन्हा गावी आले. पणजोबांनी वही काढली, हैदराबादचे पैसे लिहिले, आणि सवयीने खाली ‘बट्टा’ लिहून पुढची जागा कोरी सोडली.