गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडायचं का? ‘वंगण संपलं’ म्हणजे नेमकं काय आणि कोणते व्यायाम चालतात?

“गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता फार चालू नका, जिने चढू नका.” पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग सकाळचा फेरफटका बंद होतो, भाजी आणायला दुसरं कुणीतरी जातं, तिसऱ्या मजल्यावरच्या बहिणीकडे जाणं टाळलं जातं. सहा महिन्यांनी पाहावं तर गुडघा तेवढाच दुखत असतो. वर वजन वाढलेलं असतं आणि खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो.

मग गुडघे दुखत असताना विश्रांती घ्यायची की हालचाल करायची?

‘वंगण संपतं’ म्हणजे काय होतं?

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकत्र येतात, तिथे हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. सांध्यात थोडा चिकट द्रवही असतो. बोलताना यालाच वंगण म्हणतात. वाढतं वय, जास्त वजन किंवा जुनी दुखापत अशा कारणांनी कूर्चा झिजते आणि सांधा आखडतो. हा आजार म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना तो होता. त्यात सर्वाधिक त्रास गुडघ्यांचाच होता.

पण गुडघा म्हणजे गाडीचा पार्ट नव्हे, की कमी वापरला तर जास्त टिकेल. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. भार पडला की ती स्पंजसारखी दाबली जाते, भार सुटला की द्रव पुन्हा शोषून घेते. म्हणजे हालचाल हीच तिची खाण्याची वेळ.

दुसरी गोष्ट स्नायूंची. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू चालताना बसणारे हादरे झेलतात. पाय वापरले नाहीत तर हे स्नायू बारीक होतात आणि सगळा ताण सांध्यावर येतो. गुडघा जास्त दुखतो, म्हणून माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र तोडायचं तर हालचाल हवीच. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही. पण वेदना कमी होतात आणि रोजची कामं सोपी होतात.

मग कोणते व्यायाम करायचे?

ज्यात गुडघ्याला दणका बसत नाही, असे. यांनाच ‘लो इम्पॅक्ट’ व्यायाम म्हणतात.

चालणं: सपाट रस्त्यावर, चप्पलऐवजी मऊ तळाचे बूट घालून. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दिवसातून तीनदा १० मिनिटं.

सायकल: शरीराचा भार सीटवर जातो. सीट इतकी उंच हवी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. घरातली स्थिर सायकलही चालते.

पाण्यात चालणं: कमरेइतक्या पाण्यात पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो. त्यासाठी पोहता येण्याची गरज नाही.

घरच्या घरी: उताणं झोपून एक पाय गुडघ्यात वाकवा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचला, पाच अंक मोजा आणि हळूच खाली आणा. असं दहा वेळा. दुसरा व्यायाम म्हणजे उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं आणि हळूहळू बसणं. सुरुवातीला आधार घेतला तरी हरकत नाही.

काय टाळायचं?

दोरीच्या उड्या, पूर्ण बैठका, उकिडवं बसणं, वज्रासन आणि दुखत असताना तासन् तास मांडी घालून बसणं. जिना चढताना न दुखणारा पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

व्यायाम करताना दुखलं तर?

सुरुवातीला थोडं दुखणं स्वाभाविक आहे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. गुडघा नेहमीइतकाच असेल तर व्यायाम योग्य. जास्त दुखत असेल किंवा सूज आली असेल तर वेळ कमी करा, व्यायाम बंद करू नका.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथवर हळूहळू पोहोचायचं. वजन जास्त असेल तर तेही थोडं उतरवायचं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं आढळलं होतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

गुडघा लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला, पडल्यावर पाय टेकवता येईना, गुडघा अडकू लागला किंवा चालताना अचानक दगा देऊ लागला तर थांबू नका. पोटरी एकाएकी सुजली तरी लगेच दाखवा. हृदयविकार असेल किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा.

बाकीच्यांनी आज सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन यावं. उद्या गुडघा कुरकुरला नाही, तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.