वाऱ्याचे रस्ते, कचऱ्याची गाडी

प्लेगचा इतिहास आपल्याकडे बहुधा रँडच्या खुनाने सुरू होतो आणि चाफेकरांच्या फाशीने संपतो. म्हणजे तो मुंबईचा राहतच नाही, पुण्याचा होतो. आणि पुण्यातही मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला पाठीवर घेऊन निघालेल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेलेल्या सावित्रीबाई त्यात शेवटी, जागा उरली तर येतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातील निम्मी मुले गोवंडी-मानखुर्दहून हार्बरच्या गाडीने येतात. त्यांना हा रोग ‘इंग्रजांचा जुलूम आणि आपला प्रतिकार’ एवढाच शिकवणे मला जमत नाही. जुलूम होता, हे खरेच. पण रोग कोणत्या वाटेने आला, कोणाच्या खोलीत शिरला आणि त्याच्यावर उपाय म्हणून शहराची जी कापाकापी झाली ती कोणाच्या अंगावरून गेली, हे प्रश्न प्रस्थापित इतिहासाने विचारलेच नाहीत.

आधी वाटेचे पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगास यांना मुंबईतला पहिला प्लेगचा रोगी सापडला तो मांडवीत. मांडवीच का? १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. पुढच्या चाळीस वर्षांत रुळांचे जाळे घाटावर पसरले आणि देशावरचा कापूस व धान्य मुंबईच्या धक्क्याला येऊन पडू लागले. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. धक्क्याच्या पाठीमागे मांडवी, म्हणजे धान्याची गोदामे. खाली पोती, पोत्यांत उंदीर आणि वरच्या मजल्यावर माणसे! १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग होता आणि त्या बाजूची जहाजे इथे लागत होती. व्यापाराला जी सोय झाली तीच उंदरालाही झाली.

दुसरी गोष्ट पाण्याची. १८६० मध्ये विहारचे, १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. ते पाणी वाहून नेणारी गटारे मात्र वस्त्यांपर्यंत त्या वेगाने पोचली नाहीत. पाणी आले आणि जमिनीत मुरले. दोन घरांच्या मधल्या अरुंद घळीत वरून मोरीचे पाणी आणि मैला पडे. त्या घळीत उतरून टोपली भरणारा जो माणूस, त्याला पालिकेच्या दप्तरात ‘हलालखोर’ म्हणत आणि रस्ता झाडणाऱ्याला ‘बिगारी’. माझ्या आजोबांच्या पगाराच्या जुन्या चिठ्ठीवर हुद्दा म्हणून हाच शब्द छापलेला मी पाहिला आहे. प्लेगनंतर पाऊणशे वर्षे लोटली होती, शब्द तोच होता.

या हलालखोरांविषयी एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८८९ साली मुंबईच्या हलालखोरांनी संप केला. लगोलग १८९० मध्ये ‘म्युनिसिपल सर्व्हंट्स अ‍ॅक्ट’ आला. सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडले तर तो गुन्हा, आणि त्याला तुरुंग! गिरणीचा साहेब माणसाला कामावरून काढी. पालिका कामाला बांधून ठेवी. गावगाड्यात जे बलुत्याच्या नावाने चालत होते, ते इथे कायद्याच्या कलमाने चालू झाले. खेड्यातून शहरात आले की जात गळून पडते असे मानणाऱ्या विद्वानांनी हा कायदा वाचला असता तर बरे झाले असते.

आता १८९६ चा ऑक्टोबर पाहा. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्याला सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम काढला. शहर बिथरले. महिनाअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. स्नोने हुकूम सौम्य केला, पण त्याची सर्वांत मोठी धास्ती त्याने स्वतःच अहवालात नोंदवून ठेवली आहे: हलालखोर आणि बिगारी शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. शेठ पळाले, कारकून पळाले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई आगगाडीने आणि कोकणच्या बोटींनी बाहेर गेली होती. त्या सर्वांवाचून शहर चालू शकत होते. टोपलीवाल्यावाचून मात्र चालू शकत नव्हते. शहराचे आरोग्य कोणाच्या डोक्यावर उभे आहे याची इतकी स्पष्ट कबुली सरकारी कागदात क्वचितच सापडते. या कबुलीतून त्याच्या वाट्याला काय आले? ना पक्के घर, ना टोपलीतून सुटका.

पळणाऱ्यांबरोबर रोगही रुळांवरून पळाला. मग स्थानकांवर तपासण्या सुरू झाल्या. तिसऱ्या वर्गाचे उतारू फलाटावर रांगेत उभे केले जात, काखा-जांघा चाचपल्या जात; वरच्या वर्गाशी वागण्याची रीत निराळी. उच्चवर्णीय वर्तमानपत्रांनी या तपासणीवर रकाने भरले, कारण अपरिचिताने, तेही परजातीच्या हाताने, स्पर्श केला. स्पर्शाचे हे दुःख त्यांना चार दिवस भोगावे लागले, म्हणून तो राष्ट्रीय अपमान झाला. इस्पितळेही जातवार निघाली: पारशांचे वेगळे, जैनांचे वेगळे, भाटियांचे वेगळे. ज्यांच्या जातीकडे इस्पितळ काढायला पैसा नव्हता, त्यांना सरकारी छावणी.

रोगावर उपाय करणाऱ्या बहुतेकांची समजूत होती की प्लेग घाणीतून आणि कोंडलेल्या हवेतून होतो. म्हणून गटारांतून फिनेलसारखी औषधे आणि समुद्राचे पाणी सोडले गेले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यामुळे बिळांतले उंदीर माणसांच्या घरातच शिरले असणार. १८९८ मध्ये कराचीत सिमाँने पिसवेचा दुवा दाखवला, पुढे परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन वगैरेंनी तो पक्का केला. पण त्याआधीच, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता आणि त्याची कुदळ चालू झाली होती. कोंदट वस्तीत पश्चिमेचा समुद्रवारा खेळवायचा, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते वस्त्या चिरून काढले. वाऱ्याच्या वाटेत गरिबाची चाळ होती, ती पाडली. पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने पाडल्या त्याहून कमी खोल्या बांधल्या. ज्यांची घरे गेली ते शेजारच्या चाळीत कोंबले गेले. रस्त्यावर वारा आला, खोलीत माणसे वाढली.

ट्रस्टचा दुसरा विचार असा, की लोकांनी उत्तरेकडे राहायला जावे आणि आगगाडीने कामाला यावे. दादर-माटुंग्याच्या योजना त्यातूनच निघाल्या. पण तिथे पारशी कॉलनी उभी राहिली, हिंदू कॉलनी उभी राहिली. झाडे, मैदाने, मोकळी हवा सगळे आले. पहाटेच्या पाळीला गिरणीच्या दारात किंवा धक्क्यावर हमालीला उभे राहायचे असेल, आणि आज काम मिळेल की नाही याचीच खात्री नसेल, तर रोजचे तिकीट कोण काढणार? म्हणून कामकऱ्याला हवेपेक्षा अंतर महत्त्वाचे होते. तो परळ, माझगाव, भायखळ्याच्या खोलीतच राहिला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी धावली, ती प्रामुख्याने मासिक पास काढू शकणाऱ्या नोकरदारांच्या उपयोगी पडली.

त्या खोलीचा हिशेब कागदावर आहे. १९२१ साली मुंबईतील सुमारे ७० टक्के बिऱ्हाडे एका खोलीची होती. त्याच वर्षीच्या पालिकेच्या आकड्यांप्रमाणे एका खोलीच्या बिऱ्हाडात हजार जन्मांमागे ८२८ बालके वर्षाच्या आत दगावली; चार व त्याहून अधिक खोल्यांच्या घरात १३३. या आकड्याला एक पुस्ती जोडली पाहिजे: अनेक बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इथे, त्यामुळे ८२८ हा आकडा फुगलेला आहे. किती फुगलेला, यावर वाद घालता येईल. पण फुगवटा काढला तरी दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही.

बाबासाहेब १९१२ पासून जवळपास बावीस वर्षे परळच्या याच ट्रस्टच्या चाळीत राहिले. त्यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. आपण या मृत्यूंकडे त्यागाच्या कथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु विलायतेच्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाचे घरही शहराच्या त्या मृत्युदरातून सुटले नाही, असाही त्याचा अर्थ होतो. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला.

या शहराने आगगाडीचा आणखी एक उपयोग केला. कुर्ल्याहून चेंबूरला १९०६ च्या सुमारास जो फाटा टाकला तो माणसांसाठी नव्हता, कचऱ्यासाठी होता. उतारूंची गाडी त्यावर १९२४ मध्ये सुरू झाली. १९२७ पासून देवनारला कचऱ्याचे मैदान झाले. आधी कचरा गेला, मग त्याच रुळांच्या दिशेने माणसे पाठवली गेली: झोपडपट्ट्या उठवल्या की ट्रक भरून पूर्वेला, खाडीच्या चिखलात.

अलीकडे २००२ नंतर लोकलचे रूळ वाढवण्यासाठी आणि रस्ते रुंद करण्यासाठी रुळांकाठची हजारो कुटुंबे हलवली गेली. लाखो उतारूंची त्यामुळे सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. रूळ ओलांडताना मरणारी माणसेही आपलीच होती. हलवलेल्यांना गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत २२५ चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. पक्की, स्वतःची, आत संडास असलेली. आमच्या आजीच्या पिढीला हे स्वप्न वाटले असते. पण दोन इमारतींच्या मध्ये अंतर ठेवले ते जेमतेम तीन मीटर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ट्यूटोरियलमध्ये लिहिले होते की दुपारीही दिवा लावल्याशिवाय पुस्तक दिसत नाही. २०१८ मध्ये डॉक्टरांच्या एका संस्थेने आणि मुंबईच्या आय.आय.टी.ने या वसाहतींचा अभ्यास पुढे आणला. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षयाचे रोगी अधिक सापडले.

१८९८ मध्ये वारा हवा म्हणून आमची घरे पाडली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी गाडी हवी म्हणून पाडली, आणि जी बांधून दिली त्यांत वारा नाही. तो अभ्यास शासनाच्या हाती पोचलेला आहे. पुनर्वसनाच्या इमारतींना वेगळी, सवलतीची नियमावली लावण्याची पद्धत त्यानंतरही थांबलेली नाही. नटवर पारेखच्या खालच्या मजल्यावरची मुले सकाळी सातच्या तासाला माझ्या वर्गात येतात, तेव्हा पहिल्या बाकावर जागा असली तरी खिडकीजवळ बसतात.