जोडी फोडण्यापूर्वी

लिहून झाले असे संगणक ज्या क्षणी सांगतो त्या क्षणी ते डिस्कवर उतरलेले असतेच असे नाही, ही गोष्ट या व्यवसायाबाहेरच्या मनुष्याला सहसा पटत नाही. डिस्कची चकती फिरून इच्छित जागा लेखनशीर्षाखाली येईपर्यंतचा अवधी प्रोसेसरच्या मानाने युगासारखा दीर्घ. म्हणून न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्स प्रणालीने, पेढीवरील कारकुनाने दिवसाची देवघेव कच्च्या वहीत टिपून सवडीने पक्क्या कीर्दीत उतरवावी त्याप्रमाणे, मजकूर प्रथम स्मृतीतील बफरमध्ये ठेवून मागाहून डिस्कवर लिहिण्याची रीत पत्करली. वेग साधला, परंतु वीज गेली की कच्ची वही तेवढी नाहीशी होई.

यावरची तजवीज म्हणजे बफरमधील मजकूर डिस्कवर उतरवण्यास सांगणारा ‘सिंक’ हा हुकूम आणि दर 30 सेकंदांनी तोच हुकूम स्वतःहून देणारा ‘अपडेट’ नावाचा कार्यक्रम. मात्र जुन्या युनिक्सच्या पुस्तिकेतच असा खुलासा होता, की सिंक परतला याचा अर्थ लेखनाची योजना झाली, लेखन पुरे झाले असे नव्हे. म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वी तीन वेळा, तीन स्वतंत्र ओळींवर सिंक टंकण्याचा परिपाठ पडला. पुष्कळ लोक याला भाबडी समजूत म्हणून हसतात, ते अन्यायाचे आहे. टंकण्यात जाणारा वेळ हाच त्यातील खरा कार्यभाग होता. तीनही सिंक एकाच ओळीत लिहू लागलेल्या पुढच्या पिढीने विधी राखला आणि कारण गमावले. लिनक्सचा सिंक 1995 पासून लेखन पुरे होईपर्यंत थांबू लागला, तरी बोटांची सवय सुटली नाही.

दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याची, म्हणजे मिररची, योजना निराळ्या हेतूने आली. टँडम कंपनीने 1976 पासून विकलेल्या यंत्रांत ती होती, आणि पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांनी 1988 च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात तिला रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीचा, पहिला प्रकार म्हटले. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीने काम निभवावे, इतकाच मूळ उद्देश. पुढे नव्वदीच्या दशकात बँकांचे व्यवहार अहोरात्र चालू लागून रात्रीच्या बॅकअपची सवड संपली, तेव्हा मिररची एक बाजू क्षणात तोडून तिचीच नक्कल टेपवर घ्यावी, ही युक्ती रूढ झाली.

आणि जुनी अडचण नव्या ठिकाणी उभी राहिली. मिररला केवळ डिस्कवरचे ब्लॉक कळतात, फाइली नव्हेत. बफरमध्ये अडकलेला मजकूर दोहोंपैकी एकाही बाजूला पोचलेला नसतो, त्यामुळे दोन्ही प्रती तंतोतंत जुळूनही दोन्ही अपुऱ्या असू शकतात. फाइलचा आयनोड, म्हणजे तिची क्रमांकित नोंद, व मजकूर डिस्कवर गेला, पण तिचे नाव धारण करणारी डिरेक्टरीतील नोंद बफरमध्येच राहिली, आणि नेमक्या त्या वेळी जोडी फुटली, असे समजा. तुटलेल्या प्रतीवर एफएससीके हा फाइलप्रणाली तपासणारा कार्यक्रम चालवताच ती बेवारस फाइल लॉस्ट-फाउंड या डिरेक्टरीत जाऊन पडते, आणि नावाच्या जागी तिच्यापाशी केवळ आयनोडचा क्रमांक उरतो. अशा शेकडो क्रमांकांतून कोणती फाइल कुणाची हे हुडकणे म्हणजे वैतागाची परमावधी.

तेव्हा फोडण्यापूर्वी सिंक द्यावा, हे ओघानेच आले. पण सिंक व विभाजन यांच्यामधल्या पळभरात चालू कार्यक्रम नवे लिहितच राहतात, म्हणून नुसता बफर रिता करून भागत नाही, आवकही रोखावी लागते. माझ्या मते या इतिहासातील खरी प्रगती तीच. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस फाइलप्रणालीतील, अशी आवक रोखून फाइलप्रणाली गोठवण्याची सोय 2009 मध्ये लिनक्सने इतर फाइलप्रणालींसाठीही सर्वसाधारण केली. डेटाबेसची गोष्ट स्वतंत्र, कारण त्याचे बफर निराळे. त्याला आधी वेगळी सूचना द्यावी लागते. खुद्द डिस्कच्या अंगच्या कॅशसाठी स्कझी या डिस्कजोडणीच्या मानकात आणखी एक निराळा हुकूम आहे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2003 मध्ये ही सारी साखळी व्हॉल्यूम शॅडो कॉपी या एका सेवेत ओवली. प्रत निघेपर्यंत लेखन रोखण्यास तेथे 10 सेकंदांची मुदत आहे; तेवढ्यात काम न आटोपल्यास बंधन सुटते, प्रत रद्द ठरते आणि सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.