प्लेटो आणि चांदनी बकरी

असहकाराच्या चळवळीत, १९२० साली, अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. सरकारी मदत नाकारणाऱ्या या संस्थेला उर्दूतून शिकवायचे होते. त्यासाठी पुस्तके हवी होती. १९२२ मध्ये ‘मकतबा जामिया’ ही प्रकाशन संस्था निघाली. १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोल बागेत आली.

जामियाच्या अध्यापकांनी लहान आणि थोर असा भेद मानला नाही. डॉ. झाकीर हुसैन यांनी प्लेटोचे ‘रिपब्लिक’ उर्दूत आणले आणि त्याच लेखणीने मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिली. चांदनी नावाची बकरी दावे सोडून डोंगरावर जाते, रात्रभर लांडग्याशी झुंजते आणि पहाटे मरते. स्वातंत्र्याची किंमत मुलांना सांगताना त्यांनी शेवट गोड केला नाही. आबिद हुसैन यांनी गांधीजींचे आत्मचरित्र उर्दूत नेले. मुलांसाठी ‘पयामे तालीम’ हे नियतकालिक चालले.

१९४७ च्या दंगलीत करोल बागेतील मकतबा जाळला गेला. पण काम थांबले नाही. पुढे गुलाम रब्बानी ताबां यांच्या काळात अभिजात उर्दू साहित्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या. मुंबईतही, जे. जे. रुग्णालयाजवळ, मकतब्याची शाखा होती.

आपण मराठी मुस्लिम लेखकांनी कथा, कविता, वैचारिक लेखन केले. पण मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाला त्याच्या घरातली ईद, त्याची दादी, त्याचा मोहल्ला मराठी पुस्तकात किती भेटतो? प्लेटो समजावणाऱ्याला बकरीची गोष्ट सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?