इंडक्शनचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. एमबीएचे इंडक्शन या दोहोंपैकी काहीच नसल्याने त्याचे कूळ शोधायला हरकत नसावी. प्रवेशाची अंतिम यादी लागली की अनेक संस्था नवी बॅच बसमध्ये बसवून लोणावळा-कर्जतकडच्या एखाद्या रिसॉर्टवर दोन-तीन दिवसांसाठी नेतात. तिथे गट पडतात, पिंपे आणि बांबू देऊन तराफा बांधायला लावतात, चार्ट पेपरवर ‘टीमची मूल्ये’ लिहून घेतात आणि रात्री डीजे लागतो. हा थाट अलीकडचा कॉर्पोरेट वाटला तरी त्यात दोन वेगळ्या घराण्यांचे रक्त आहे. माझे म्हणणे असे की, त्यातल्या धाकट्या पण जास्त कसदार घराण्याला आपण जवळजवळ बेदखल केले आहे.

थोरल्या घराण्याचा मूळपुरुष कर्ट हान. जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्हीला त्याने आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांनी तग धरावा, हा तिचा हेतू. दोर, तराफा, डोंगर हे सगळे त्या वळणाचे. धाकट्या घराण्याचा मूळपुरुषही कर्टच, मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन. दोघेही ज्यू कुटुंबातले आणि दोघांनीही १९३३ मध्ये जर्मनी सोडली. साम्य तिथेच संपते.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू ब्रिटनच्या अध्यापक महाविद्यालयात लेविनने एक कार्यशाळा घेतली. विषय वांशिक तेढ कमी करण्याचा. आलेले बहुतेक शिक्षक आणि समाजकार्यकर्ते. दिवसा गटचर्चा चाले आणि प्रत्येक गटात एक निरीक्षक कोण काय बोलले, कोण गप्प बसले याची टिपणे घेई. रात्री संशोधक एकत्र बसून ही टिपणे पडताळत. बरेचसे सहभागी संध्याकाळी घरी जात, काही मात्र आवारातच मुक्कामाला होते. त्यांतल्या तिघांनी एका रात्री विचारले, आम्ही बसलो तर चालेल का? लेविनने होकार दिला. थोड्या वेळाने निरीक्षक त्यांच्यातल्याच एका बाईंच्या दिवसभरातल्या वागण्याबद्दल बोलू लागला. बाईंनी मधेच अडवले: असे झालेच नाही. मग त्यांनी आपली बाजू मांडली, निरीक्षकाने आपली, आणि संशोधकांच्या लक्षात आले की दिवसभरातला सर्वांत जिवंत धडा हाच. दुसऱ्या रात्री घरी जाणारेही परत येऊन बसले. आज ‘फीडबॅक’ म्हणून जो शब्द प्रत्येक मॅनेजरच्या तोंडी असतो, त्याची ही प्रशिक्षणातली पहिली ठळक बैठक.

फेब्रुवारी १९४७ मध्ये लेविन वारला. त्याच उन्हाळ्यात लीलँड ब्रॅडफर्ड, केनेथ बेन आणि रोनाल्ड लिपिट यांनी मेन राज्यातल्या बेथेल या आडगावी तीच गोष्ट पद्धतशीर सुरू केली. जागा मुद्दामच एकाकी निवडलेली, कारण घर आणि हुद्दा दूर राहिल्याशिवाय माणसाच्या सवयी सैल होत नाहीत, अशी धारणा होती. तिथून टी-ग्रुप निघाला: विषयपत्रिका नाही, प्रशिक्षक बराच वेळ गप्प, आणि गट स्वतःच स्वतःचा अभ्यासविषय. ब्रॅडफर्डचा मुलगा डेव्हिड याने पुढे स्टॅनफर्डच्या एमबीएत हे बीज परस्परसंबंधांच्या अभ्यासक्रमातून रुजवले.

यावर कोणी म्हणेल, निवासी शिक्षण आपल्याला काय नवे? गुरुकुल होतेच की. पण गुरुकुलात राहायचे ते गुरूच्या सान्निध्यासाठी. न्यू ब्रिटनमध्ये शिकायची गोष्ट शेजारी बसलेला माणूस होता. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीतल्या फोरमनच्या प्रशिक्षणाचा एडविन फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आला. वर्गात बदललेले फोरमन कारखान्यात परतले की बहुधा आपल्या साहेबाच्याच वळणावर जात, असे त्यातून दिसले. म्हणजे बाहेरगावी घडलेला बदल घरी टिकत नाही. हे खरेच आहे, पण नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला परतायला जुना साहेबच नसतो. ज्यांच्यासोबत तो शिबिरात राहतो, त्यांच्याबरोबरच त्याला पुढची दोन वर्षे काढायची असतात. फोरमनपेक्षा या पद्धतीचा फायदा त्याला जास्त व्हायला हवा.

तो होत नाही याचे कारण वेळापत्रकात आहे. पहिल्या आठवड्यात एकमेकांबद्दल बोलायला कोणाजवळ काही नसतेच. म्हणून तराफ्याचे फोटो आणि मूल्यांचे तक्ते. न्यू ब्रिटनच्या त्या बाईंकडे निदान दिवसभराच्या एकत्र कामाची शिदोरी होती. तेव्हा पहिल्या आठवड्यात ओळखी आणि ग्रंथालयाची कार्डे एवढेच उरकावे, आणि मुक्काम तिसऱ्या महिन्यात ठेवावा, जेव्हा ग्रुप प्रोजेक्टवर एकाने रात्र जागवलेली असते, दुसऱ्याने नुसते नाव घातलेले असते आणि दोघांनाही ते ठाऊक असते. खर्च तेवढाच येईल. फक्त रात्री डीजे बंद ठेवून खुर्च्या गोल मांडाव्या लागतील.